ओली मूठ

१

शुक्रवारी दुपारी गनीभाई जुम्म्याची नमाज पढून घरी आले, अंगणातल्या शेडचं कुलूप काढलं आणि फळीवरच्या आपल्या बायकोच्या मुठीला रोजच्यासारखा हात लावला. हाताला ओली माती लागली.

बद्रुन्निसाला जाऊन दोन वर्षं झाली होती. सुरीच्या मापासाठी तिनं मातीत आवळलेली ती मूठ त्याच्याही कितीतरी आधीची, वाळून खडखडीत झालेली. आता त्या जागी तशीच मूठ होती. चार बोटांचे तेच खळगे, करंगळीचा तोच आत वळलेला खळगा. फक्त माती ओली होती, तासाभरापूर्वी कुणी आवळून ठेवल्यासारखी. शेडचं कुलूप मात्र जसंच्या तसं होतं.

हे मला शनिवारी सकाळी त्यांच्या मुलानं, आदिलनं, माझ्या ओट्यावर बसून सांगितलं. त्याचं स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. एरवी बोलायला लागला की थांबत नाही, पण त्या दिवशी त्याला एकेक वाक्य ओढून काढावं लागत होतं.

"मावशी, गल्लीत सगळे म्हणतायत अम्मी येऊन गेली. अब्बा काही बोलत नाहीत. कालपासून जेवले नाहीत, प्रेशरच्या गोळ्या तशाच पडल्यात. शेडातून बाहेर येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, असं चार दिवस चाललं तर सांगता येत नाही."

"मग माझ्याकडे काय आलास? मी काही मांत्रिक नाही."

"म्हणूनच आलो," तो म्हणाला.

मी लंकाबाई. बत्तीस वर्षं पोलीस खात्यात काढली, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी श्रीरामपूर सोडून कोपरगावात भावाच्या घराशेजारी राहायला आले. माझा भुतांवर विश्वास नाही. भुतं खरी असती तर मेलेल्यांनीच येऊन गुन्हेगारांची नावं सांगितली असती आणि माझे पाय एवढे झिजले नसते.

पण गनीभाईंवर माझा जीव होता. मी इथं नवी, ओळख ना पाळख, तरी त्यांनी मला पहिल्या महिन्यात एक सुरी करून दिली होती. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये ते टर्नर होते. नोकरीत असल्यापासून सुट्टीच्या दिवशी घरी भट्टी पेटवायची आणि ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यांतून सुऱ्या घडवायच्या हा त्यांचा नाद. विकायच्या नाहीत, मनात येईल त्याला द्यायच्या. त्यांची एक पद्धत होती. सुरी धरावी तसा ओल्या मातीचा गोळा तुमच्या हातात देऊन म्हणायचे, आवळा. ती मूठ वाळवायची आणि तिच्यावरून लाकडी मूठ कोरायची. माझी मूठ वाळल्यावर मी पाहिली तेव्हा म्हटलं, माझा हात एवढासा? ते हसले होते. "माती आटते, लंकाबाई. ओली बारा सूत असेल तर वाळून अकरा होते. मी लाकूड बाराचंच कोरतो, काळजी नको." ती सुरी हातात घेतली की आपलाच हात आपण धरल्यासारखं वाटतं.

मी चपला घातल्या आणि आदिलबरोबर निघाले.

२

भट्टीच्या खोलीत भर दुपारीही अंधार असतो. तापलेल्या पोलादाचा रंग उजेडात कळत नाही, म्हणून गनीभाईंनी खिडकीला पोतं लावलेलं. आत फक्त भट्टीचा लाल उजेड होता आणि त्या उजेडात समोरच्या भिंतीवर लाकडी फळी. फळीत खाचा कोरलेल्या आणि प्रत्येक खाचेत एकेक मातीची मूठ बसवलेली. खाली चुन्यानं नावं लिहिलेली होती.

मी ती फळी आधीही पाहिली होती, पण त्या दिवशी अंगावर काटा आला. त्यातली कितीतरी माणसं आता नव्हती. कारखान्यातले फोरमन, समोरच्या मालनबाई, मशिदीत अजान देणारे जुने मुअज्जिन. सगळ्यांचे हात भिंतीतून काहीतरी पकडून बसले होते. माझाही त्यांच्यात होता. मी पटकन त्याच्यावरून नजर हटवली.

गनीभाई ऐरणीजवळ स्टुलावर बसले होते. ऐरण म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा. पांढरी दाढी, अंगात स्वेटर, गाल एका दिवसात बसलेले. शिकंज्यात एक लाकडी मूठ आवळली होती आणि ते तिच्यावर कानस फिरवत होते. माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली, पण हात थांबला नाही.

"या लंकाबाई. आदिलनं आणलं तुम्हाला?"

"मीच आले. काय म्हणते तब्येत?"

"भूक लागत नाही. बाकी ठीक."

आदिलनं फळीकडे बोट दाखवलं. पहिलीच खाच बद्रुन्निसाची. मी हात लावून पाहिलं. माती गार आणि ओली, बोटाला काळसर लागली.

"बघा मावशी, खाचेत कशी चपखल बसलीय," आदिल कुजबुजला. "ही खाच अम्मीच्या मुठीसाठी कोरलेली. दुसऱ्या कुणाची अशी बसेल का? आणि ही करंगळी. अशी वाकडी करंगळी अख्ख्या गल्लीत कुणाची नाही."

"पडल्या होत्या का त्या कधी? मोडली होती?"

उत्तर गनीभाईंनी दिलं, कानस चालवतच. "जन्माची तशी होती. तिच्या आईचीही तशीच." मग थोड्या वेळानं म्हणाले, "निकाहनंतर पहिल्यांदा चहाचा कप दिला ना, तेव्हा ती करंगळी पाहिली मी. दोन वर्षं रोज त्या मुठीत बोटं घालून बसतो. तेवढंच राहिलं होतं हातात धरायला."

मी उगाच इकडेतिकडे पाहिलं. बद्रुन्निसाच्या शेजारची खाच रिकामी होती, इतरांपेक्षा लहान. तिच्याखालचं नाव खरवडलेलं.

"ही कुणाची?"

"चुकून पडली," गनीभाई म्हणाले.

सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा, हिशेब करणारा माणूस चुकून खाच पाडतो, हे मला पटलं नाही. पण त्यांचा चेहरा बंद झाला होता. मी कोपऱ्यातल्या मातीच्या पोत्याकडे वळले. ह्याच मातीच्या मुठी होतात हे मला माहीत होतं, पुणतांब्याच्या नदीकाठची काळी चिकण माती. पोत्यात हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. आत ढेकळं दगडासारखी कडक झाली होती, वर कोळ्याचं जाळं. माझी मूठ केल्यापासून त्या पोत्याला कुणी हात लावला नव्हता.

म्हणजे भूत स्वतःची माती घरून घेऊन आलं होतं.

३

घरात सिमरन चहा ठेवत होती. आदिलची बायको, बेलापूरची, तिचे वडील तिथल्या मशिदीत इमाम आहेत. लग्नाला चार वर्षं झाली तरी अजून नवी सून असल्यासारखी हळू बोलते.

"काल दुपारी तू घरातच होतीस?"

"होते मावशी. हे दोघं मशिदीत. मी नमाज पढत होते आतल्या खोलीत. शेडातून आवाज आल्यासारखा वाटला. भांडं ठेवल्यासारखा. मग…" ती थांबली.

"मग काय?"

"रडल्यासारखा. बाईच्या आवाजात." तिनं पदर नीट केला. "मी नमाज मधेच तोडली नाही. झाल्यावरही बाहेर गेले नाही. भीती वाटली."

"तुला ती मूठ आवडत नव्हती म्हणे."

तिनं चटकन वर पाहिलं. "आदिल बोलले? खोटं कशाला बोलू, नव्हती आवडत. अब्बा रोज तिच्याशी बोलायचे. मेलेल्या माणसासाठी दुआ करायची, त्याला असं पकडून बसायचं नाही. पण मी तिला हात लावला नाही. हात लावायचीच भीती वाटायची."

आदिललाही मी सोडलं नाही. त्याला ती शेडच बंद करायची होती, हे तो स्वतःच बोलला. मागच्या पावसाळ्यात तापलेलं पातं तेलात बुडवताना भडका उडाला आणि गनीभाईंची दाढी होरपळली होती. "पण अम्मीची मूठ मी कशाला नेईन?" तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरले. "मला काय आई नव्हती का?"

मी त्याचा उजवा हात हातात घेऊन पाहिला. करंगळी सरळ होती. सिमरनचीही पाहिली. लांब, सडपातळ, सरळ.

स्वयंपाकघरात भिंतीला चार सुऱ्या टांगलेल्या. गनीभाईंची, आदिलची, सिमरनची आणि बद्रुन्निसाची. बद्रुन्निसाच्या सुरीला अजूनही रोज तेलाचा हात फिरत असावा, पातं चकचकीत होतं. सिमरन लिंबू कापत होती ती मात्र पाचवी होती, ओट्यावरची, एवढीशी. मी ती मागून घेतली आणि मुठीत धरली. बसेना. माझी बोटं खळग्यांतून बाहेर. सिमरनच्या हातातही ती नुसती अडकवलेली होती. त्या घरात प्रत्येकाच्या हाताची सुरी होती, आणि ही कुणाच्याच हाताची नव्हती.

करंगळीचा खळगा आत वळलेला होता.

"ही कुणाची गं?"

"माहीत नाही. मी आले तेव्हापासून आहे." तिनं सुरी परत घेतली आणि लिंबाच्या फोडीच्या आणखी फोडी करत बसली.

त्या घरात एका माणसाचं नाव घ्यायचं नाही असं ठरलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. ते माणूस कोण, ते सांगणारं कुणीतरी घराबाहेर शोधायला हवं होतं.

४

कानिफनाथ आणि गनीभाई कारखान्यात तीस वर्षं एका पाळीत. कानिफनाथ पुणतांब्याचा, शेती आता मुलं बघतात. मुठींची माती तोच आणून द्यायचा, आणि शेडची दुसरी किल्लीही त्याच्याकडेच असायची. सोमवारी मी टेम्पोनं पुणतांब्याला गेले. तो गोठ्यात म्हशीला पेंड घालत होता. मला पाहून त्याला आनंद झाला नाही.

"गनीचं कसं हाय?"

"चौथा दिवस. काळा चहा आणि पाणी. काल उठताना भिंत धरली."

त्यानं घमेलं खाली ठेवलं. "मला वाटलंच न्हाई असं हुईल," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

"काय होईल असं वाटलं होतं?"

"काय न्हाई. मी त्याला दोन वर्सं सांगत हुतो, ती मूठ गोदामाईत सोड. गेलेल्या मानसाला धरून ठिवलं की ते बी अडकतं आन आपुन बी. त्यो ऐकंना. येकदा तर मला शेडातनं हाकलून दिलं त्यानं."

"म्हणून तुम्ही नेली?"

"देवाशपथ, मी न्हाई नेली."

हे तो माझ्या डोळ्यात बघून म्हणाला. पण खात्यात एक गोष्ट शिकले होते. माणूस शपथ घेतो तेव्हा त्यानं काय नाकारलं ते ऐकावं, आणि काय नाकारलं नाही तेही.

"नेली नाही. बरं. शुक्रवारी माती कुणासाठी नेलीत?"

कानिफनाथ म्हशीकडे बघत राहिला. त्याच्या उजव्या अंगठ्याचं पेर कारखान्यात तुटलेलं. त्या हातानं ती मूठ होणं शक्य नव्हतं. माती त्याची, किल्ली त्याची, पण हात दुसऱ्या कुणाचा.

"लंकाबाई, मी वचन दिलंय," तो म्हणाला. "तोंड उघडायचं न्हाई म्हनून. गनी मेला तर मला जगनं कठीन हाय, पन तरी न्हाई सांगू शकत."

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. आदिल होता. गनीभाई ऐरणीजवळ कोसळले होते.

मी कानिफनाथच्या तोंडाकडे पाहिलं. त्यानं धोतराला हात पुसले आणि मोटारसायकल बाहेर काढली.

५

डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले होते. दवाखान्यात न्यायला गनीभाई तयार नव्हते, म्हणून आदिलनं शेडातच खाट टाकली होती. बाटली हातोड्यांच्या खिळ्याला अडकवलेली. भट्टी विझलेली, आणि तरी खिडकीचं पोतं कुणी काढलं नव्हतं. त्या अर्ध्या अंधारात भिंतीवरचे हात आमच्याकडे बघत होते.

मी फळीपाशी गेले. बद्रुन्निसाच्या खाचेतल्या मुठीला बोट लावलं. माती वाळली होती. बोटानं ढकलली तर ती खुळखुळली.

मी पुन्हा ढकलली. खुळ, खुळ. शनिवारी चपखल बसलेली मूठ आता सैल झाली होती. माझ्या डोक्यात गनीभाईंचा आवाज आला. ओली बारा, वाळली अकरा.

"आदिल, इकडे ये," मी म्हटलं. "सगळेच या. गनीभाई, तुम्ही पडून राहा, फक्त ऐका."

आदिल, सिमरन आणि दाराशी कानिफनाथ, तिघं जवळ आले.

"ही खाच बद्रुन्निसाच्या वाळलेल्या मुठीसाठी कोरली होती. अकरा सूत. तिनंच येऊन शुक्रवारी नवी मूठ आवळली असती, तर ओली मूठ बारा सुतांची झाली असती. या खाचेत ती शिरलीच नसती. पण ती चपखल बसली. म्हणजे ओली असतानाच ती अकराची होती. हात बद्रुन्निसाच्या हातासारखा, पण एका सुतानं बारीक. हा मेलेल्या बाईचा हात नाही, आदिल. जिवंत बाईचा आहे."

आदिल स्टुलावर बसला.

मी ती मूठ काढली आणि शेजारच्या रिकाम्या खाचेला लावली. शिरेना. "इथं आधी जी मूठ होती ती हिच्याहून लहान. त्या लहान मुठीची सुरी स्वयंपाकघरात आहे, सिमरन रोज तिनं लिंबू कापते. खळगे तेच, करंगळी तीच, फक्त हात पोरवयातला. पोरगी मोठी झाली, तिच्याबरोबर हातही वाढला. ही करंगळी या घराण्यात आईकडून लेकीकडे येते. गनीभाईंनीच सांगितलं मला, तिच्या आईचीही तशीच होती. आदिल, तुला एक बहीण आहे, जिचं नाव तुम्ही कुणी घेत नाही."

मग सिमरन म्हणाली, "उझ्मा आपा." इतक्या वर्षांनी त्या घरात ते नाव उच्चारलं गेलं, आणि सिमरननं स्वतःच तोंडावर हात ठेवला.

मग कानिफनाथचा बांध फुटला. "व्हय. मीच आनली तिला. सहा वर्सांमागं ठरलेली मंगनी मोडून ती पुन्याला नर्स व्हायला गेली, तवापासनं गनीनं तिचं नाव टाकलं. फळीवरची तिची मूठ ऐरनीवर ठिवून फोडली. बद्रुभाबी गेल्या तवा पोरगी आली, तर हा दारात हुबा ऱ्हायला. सगळ्यांम्होरं म्हनला, मी जिता हाय तवर ही या घरात पाय ठिवनार न्हाई, अल्लाची कसम. आईचं तोंड बी बघू दिलं न्हाई. पोरगी मला दोन वर्सं फोनवर म्हनत हुती, काका, अम्मीचं कायतरी द्या, येक वस्तू द्या. मी म्हनलं, घराची कसम हाय, शेडाची कुटं हाय? जुम्म्याच्या टायमाला आनतो तुला."

"आणि माती?"

"तिनंच मागितली. अब्बांना खाच रिकामी दिसू नये म्हनून. आईची मूठ पिशवीत घातली आन सोताची ठिवली. लई रडली."

आदिल उठला. वडिलांकडे न बघता म्हणाला, "अब्बा, ऐकलंत? अम्मी नव्हती. भूत नव्हतं. आता तरी जेवा."

गनीभाईंनी डोळे मिटले होते. मला बरं वाटायला हवं होतं. कोडं सुटलं होतं. पण माझी नजर शिकंज्याकडे गेली.

मी शिकंजा सैल केला आणि ती नवी लाकडी मूठ बाहेर काढली. मग सिमरनला बद्रुन्निसाची सुरी आणायला पाठवलं. दोन्ही शेजारी धरल्या. नवी एका सुतानं बारीक होती.

"गनीभाई," मी म्हटलं, "तुम्ही शनिवारी हीच कोरत होता. ही बाराची नाही, अकराची आहे. माती आटते हे मला तुम्हीच शिकवलंत. तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

त्यांनी डोळे उघडले. "हात लावला तेव्हाच," ते म्हणाले. "बाप आहे मी."

"मग जेवण का सोडलंत?"

"सोडलं नाही. घास उतरत नाही." ते छताकडे बघत बोलत होते. "ती चोरासारखी आली, लंकाबाई. स्वतःच्या आईच्या घरी. मी मशिदीत असताना. तिला बोलवायचं तर कसम आड येते. अल्लाचं नाव घेऊन बोललोय, सगळ्यांसमोर. कसम मी जिवंत असेपर्यंतची आहे. मी गेलो की तिला कुणी अडवणार नाही. आईच्या खोलीत बसेल, तिच्या कबरीवर जाईल. तोवर सुरी तयार करून ठेवावी म्हटलं. आदिल देईल तिला."

मला राग आला, खरंच सांगते. बत्तीस वर्षांत मी हट्टापायी मारणारी माणसं पाहिली होती. हट्टापायी मरायला निघालेला, आणि तेही प्रेमानं, हा पहिलाच.

"शेड घरात धरता का तुम्ही?" मी विचारलं.

"घरातच आहे ती."

"मग कसम शुक्रवारीच मोडली. ती आत येऊन गेली, आणि तुम्ही अजून जिवंत आहात."

तेव्हा सिमरन पुढे झाली. एरवी सासऱ्यासमोर मान वर न करणारी ती पोरगी खाटेजवळ खाली बसली.

"अब्बा, माझे अब्बू मशिदीत नेहमी सांगतात. रक्ताचं नातं तोडणारी कसम पाळायची नसते. ती मोडायची आणि कफ्फारा द्यायचा. दहा गरिबांना पोटभर जेवण. तुम्ही कुणाला तरी विचारायला हवं होतं."

"कुणाला विचारणार?" गनीभाई म्हणाले. "विचारायचं म्हटलं तर तिचं नाव घ्यावं लागलं असतं."

आणि मग ते रडले. म्हातारा माणूस, एका हातात सलाईनची सुई, दुसऱ्या हातानं डोळे झाकून. कानिफनाथ त्यांच्या पायाशी बसला आणि त्यांचे पाय चेपत राहिला.

मी जाऊन खिडकीचं पोतं ओढून काढलं. शेडात एकदम दुपार झाली. भिंतीवरच्या मुठी उन्हात नुसती माती दिसायला लागल्या, चुन्याची नावं सुद्धा फिकी वाटली.

६

उझ्मा शुक्रवारी आली. कानिफनाथ तिला स्टँडवरून मोटारसायकलवर घेऊन आला. तिशीची, नर्सच्या नोकरीनं थकलेली, डोक्यावर ओढणी, छातीशी एक कापडी पिशवी धरलेली. पिशवीत काय आहे ते मला विचारावं लागलं नाही.

अंगणात दहा माणसं पंगतीला बसायची होती. स्टँडवरचे हमाल, दर्ग्यापाशी बसणाऱ्या दोन म्हाताऱ्या, वीटभट्टीवरचं एक कुटुंब. सिमरन आणि आदिल चुलीपाशी. मी वाढायला, म्हणजे खरं तर बघायला.

उझ्मा फाटकाशी थांबली. आत पाऊल टाकेना. मी तिच्याजवळ गेले. तिनं मला ओळखलं असावं, कानिफनाथनं सांगितलं असेल.

"तुम्हीच शोधलंत मला?"

"माती आटते हे विसरलीस."

ती कसनुसं हसली. "लहानपणी भाता मीच चालवायचे. मुठी मात्र अब्बा एकटे करायचे." मग खाली बघून म्हणाली, "त्यांना कळू नये असं वाटत होतं. आणि कळावं असंही. गेल्या शुक्रवारपासून मी रोज फोन हातात घेऊन झोपले."

शेडातून गनीभाई बाहेर आले. आठवडाभरात गळून गेलेले, पाय अडखळत होते, आदिल धावला तर त्यांनी हातानंच त्याला मागे ठेवलं. दुसऱ्या हातात नवी सुरी. पातं लहान, मूठ बाभळीची, तेल लावून गडद केलेली. ते फाटकाशी आले आणि पातं स्वतःकडे करून मूठ लेकीपुढे धरली.

"कांदा चिरायला माणूस नाही," ते म्हणाले. "दहा जणांचं जेवण आहे."

तिनं पिशवी माझ्या हातात दिली आणि सुरी घेतली. करंगळी आपोआप आत वळली आणि आपल्या खळग्यात जाऊन बसली. गनीभाई त्या हाताकडे बघत होते, चेहऱ्याकडे बघायचं त्यांना अजून जमत नव्हतं.

"सैल होतेय का?"

"नाही अब्बा," उझ्मा म्हणाली. "बसली."

ते बाजूला झाले, फाटकातून एक माणूस आत जाईल एवढे. ती आत आली. मी पिशवी घेऊन शेडात गेले आणि बद्रुन्निसाची मूठ तिच्या खाचेत ठेवली. शेजारची खाच पटाशीनं नुकतीच मोठी केलेली दिसली, लाकडाचा भुसा अजून खाली पडला होता, आणि तिच्यात उझ्माची मूठ चपखल बसली होती. नाव लिहायचं बाकी होतं.

मी बाहेर आले, कांदा चिरून झाला आणि पंगत बसली. दहा माणसं जेवून उठली, तोवर गनीभाईंनी काही खाल्लं नाही. शेवटचा माणूस हात धुऊन गेला, तेव्हा त्यांनी सिमरनकडे ताट मागितलं.